तारेवरचा दुपट्टा

चपला काढताना आवाज करू नको, असं आईनं आतून सांगितलं तेव्हा माझा एक पाय अजून दाराबाहेरच होता. कॉलेजच्या ग्रंथालयातून मी नेहमीच्या वेळी परतले होते. मूल रोडवरची ट्रकांची धूळ, तिच्यातली कोळशाची भुकटी, दातांखाली लागणारी कचकच, सगळं नेहमीचं होतं. जिन्यातला कुणाच्या तरी फोडणीचा वासही नेहमीचा. "हळू," आई पुन्हा म्हणाली, "तुहे बाबा आले हायेत." बाबा भाजी घेऊन परतलेत अशा सुरात ती हे म्हणाली, आणि त्या सुरामुळेच क्षणभर माझ्या शरीरानं तिच्यावर विश्वास ठेवला. हातातली पिशवी मी दुसऱ्या हातात घेतली आणि चेहरा नीट केला, थकलेली दिसले की बाबा लगेच काय झालं म्हणून विचारत, म्हणून रोज करायचे तसा. मग डोकं जागेवर आलं. दसऱ्याच्या आधीच आम्ही त्यांना पोहोचवून आलो होतो.

गॅलरीतला दिवा आईनं मालवला होता. प्लास्टिकच्या खुर्चीत ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, पाहुण्यासमोर बसावं तशी. समोर कपडे वाळवायच्या तारेवर बाबांचा पांढरा दुपट्टा. तार तिनं आधी पुसून घेतली असणार. आमच्याकडे तार न पुसता कपडा टाकला की त्यावर काळी रेघ उमटते. दुपट्ट्याच्या खालच्या एका कोपऱ्याशी काहीतरी थरथरत होतं. जवळ गेल्यावर दिसली, तणसाच्या रंगाची नखाएवढी पाखरं. त्या कोपऱ्याभोवती ती फिरत होती, कापडावर उतरत होती, पंख फडफडवत चालत होती, पुन्हा उडून पुन्हा तिथेच येत होती. दिव्यावर येणारी पाखरं अशी नसतात. ती आंधळ्यासारखी आदळत राहतात. ही शोधत होती. सगळे नर होते. मादीच्या पंखावर असतो तो काळा ठिपका एकाच्याही पंखावर नव्हता. आमच्या इमारतीमागचे रिकामे प्लॉट संपले की धानाच्या बांध्या, बांधांनी आखलेली शेतं, सुरू होतात, तिथून वाऱ्याच्या उलट दिशेनं चढत धानाच्या खोडकिड्याचे हे नर तिसऱ्या मजल्यावर आले होते. ते का आले होते हे मला ठाऊक होतं. आई त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत होती तशी नजर मी तिच्या चेहऱ्यावर त्यापूर्वी पाहिली नव्हती, आणि माझ्या तोंडात आलेलं वाक्य मी गिळलं.

माझे वडील, डॉक्टर लटारू मोहुर्ले, आयुष्यभर किड्यांच्या गंधावर काम करत होते. त्यांच्याआधीची दोन भावंडं गेली म्हणून आजीनं त्यांचं असं नाव ठेवलं होतं, टाकाऊ, मृत्यूला हात लावावासा वाटू नये असं. हैदराबादच्या, मनिलाच्या परिषदांत लोक त्या नावाशी अडखळत तेव्हा बाबा म्हणत, हे नाव माझ्या आईनं लावलेला सापळा आहे. धान संशोधन केंद्रातल्या त्यांच्या खोलीत मी लहानपणी सुट्टीत जाऊन बसत असे. खोडकिड्याची मादी अंधार पडल्यावर धानाच्या पात्यावर बसून पोटाचं टोक बाहेर काढते आणि नुसती बसून राहते. तिची हाक ती एवढीच. त्या हाकेला ना आवाज, ना रंग, ना माणसाच्या नाकाला कळेल असा वास. बाबा ते पोटाचं टोक बारीक कात्रीनं कापून काचेच्या नळीतल्या थेंबभर द्रावणात बुडवत आणि त्यात काय काय आहे ते शोधत. मग ते बरोबर आहे का हे नराला विचारायचं. विचारायचं म्हणजे नराच्या डोक्यावरची, ज्यानं तो गंध ओळखतो ती, एक मिशी मुळापासून कापून दोन तारांच्या मध्ये बसवायची आणि तिच्यावरून गंधाची फुंकर सोडायची. ओळख पटली की यंत्राच्या कागदावर सुईची उडी उठे. "किडा मेला आहे?" मी विचारलं होतं. बाबांनी कागदावरून नजर न काढता सांगितलं होतं की किडा मेला, मिशीला अजून माहीत नाही. अर्धा तास, कधी त्याहून जास्त, ती मिशी ओळख देत राहायची. मग उड्या लहान होत जात, आणि शेवटी सरळ रेघ. मी त्या रेघेकडे बघत बसायचे. बाबा चहा प्यायला गेलेले असत.

पुढे मी पुष्कळ वाचलं. मृत्यूबद्दल ज्यांना काही सांगायचं होतं अशा बऱ्याच लोकांची पुस्तकं माझ्या ग्रंथालयात नीट क्रमांक घालून उभी आहेत, आणि बाबा गेले त्या आठवड्यात त्यातलं एकही मला उपयोगी पडलं नाही. आठवत राहिली ती तारांमधली मिशी. सकाळी सहाला जाग आली की माझे कान बाथरूमकडे लागत, बाबांच्या खाकरण्याकडे. तेरवी झाल्यावरच्या रविवारी मटणवाल्याकडे मी तिघांचंच मटण घेतलं. उडी उठत होती.

पीठ घातलं ते माझ्या मोठ्या आत्यानं, केसरबाईनं. बाबा हॉलमध्ये, गॅलरीच्या दाराशी लावलेल्या खाटेवर गेले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्यानं खाट हलवून ती जागा पुसली, त्यावर तांदळाचं पीठ चाळणीनं अलगद पसरलं, मधे पणती ठेवली आणि वर बांबूची टोपली पालथी घातली. गेलेला जीव रात्री येऊन जातो आणि पिठावर आपली खूण ठेवतो. ज्याची खूण तो जन्म. आत्याच्या सासऱ्यांच्या वेळी गाईचा खूर उमटला होता. आत्या हे सांगत असताना आई उठली आणि खुंटीवरचा बाबांचा दुपट्टा आणून तिनं टोपलीवर पांघरला. काऊन, असं आत्यानं विचारलं. "त्यायले पाहाटे थंडी वाजते," आई म्हणाली.

त्या दुपट्ट्याच्या कोपऱ्याला एक गाठ होती. ती गाठ बाबांच्या सगळ्या आयुष्याच्या विरुद्ध होती. केंद्रात असताना त्यांच्या हाताखालच्या माणसांना त्यांचा धाक होता तो याच गोष्टीचा. मादीचा बनवलेला गंध भरलेल्या रबरी गोळीला चिमट्याशिवाय शिवायचं नाही, हातमोजे घातल्याशिवाय सापळ्याजवळ जायचं नाही, एका कामाचे कपडे दुसऱ्या कामाला नाहीत. गोळीला हात लावलेल्या माणसानं दाराची कडी धरली तर उद्या नर कडीवर येतील आणि तुमचा प्रयोग कडी सांगेल तसा होईल, असं ते ओरडत. आणि निवृत्त झाल्यावर हाच माणूस सिंदेवाहीकडच्या ओळखीच्या शेतकऱ्यांच्या बांध्यांत सापळे लावायला निघताना त्या गोळ्या दुपट्ट्याच्या कोपऱ्यात बांधून न्यायचा, म्हाताऱ्या बाया पदरात सुपारी बांधतात तशा. मी एकदा बोलले. बाबा हसले. "आता मले कोणता पेपर लिहाचा हाय, रंजू." माणसं म्हातारी होतात म्हणजे काय होतं हे मला त्या हसण्यात पहिल्यांदा दिसलं होतं आणि मी लगेच दुसरं काहीतरी काम काढलं होतं.

सकाळी आत्यानं टोपली उचलली. पिठावर बारीक अर्धगोल रेघा होत्या, कुंचल्यानं हलकेच ओढल्यासारख्या, एकीवर एक, सबंध पीठभर. पणतीच्या कडेला तेलात एक पाखरू बुडून मेलं होतं, ते आत्यानं बोटानं बाजूला काढलं. मग आत्या म्हणाली, "पाखरू झाला माहा लटारू," आणि रडायला लागली. आई रडली नाही. ती वाकून त्या रेघांकडे बघत राहिली आणि म्हणाली की यायची तर लई घाई झालेली दिसते. मी गाठीकडे बघत होते, आत गोळ्या अजून होत्या. बाबा असते तर त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं असतं, न ओरडता, समोरच्याला लाज वाटणार नाही अशा रीतीनं, पण सांगितलं असतं. खोटी समजूत त्यांना शारीरिक त्रास द्यायची, जिभेवर केस आल्यासारखी. माझ्यात ते नाही. किंवा त्या सकाळी नव्हतं.

त्यानंतर आईनं दुपट्टा धुतला नाही. दिवेलागणीला ती तार पुसायची, दुपट्टा टाकायची, खुर्ची ओढायची. मला कळलं तोवर हे रोजचं झालेलं होतं. ती पाखरांशी बोलायची नाही फार. नळाला पाणी कमी येतंय, समोरच्या ठाकरेंनी गाडी घेतली, एवढंच. आणि मग उठून जेवायची. हे जेवणच महत्त्वाचं होतं. चाळीसेक वर्षं बाबा शेतातून, प्रयोगशाळेतून, कुठून कुठून परत येईपर्यंत ती थांबली होती. ते यायचे, हातपाय धुवायचे, मग दोघं बसायची. ते गेल्यानंतरचे सुरुवातीचे दिवस तिनं रात्रीचं जेवण जवळजवळ सोडलंच होतं, आणि तिला साखरेचा आजार आहे, संध्याकाळची गोळी घेऊन उपाशी राहणं तिला चालत नाही. एकदा मोरीपाशी ती घामानं भिजून भिंत धरून उभी होती आणि मला ओळखत नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हे पुन्हा झालं आणि तुम्ही घरात नसलात तर. वाक्य त्यांनी पुरं केलं नव्हतं. पाखरं यायला लागल्यापासून ती जेवत होती. आले, असं म्हणून ती पानं घ्यायची. मी समोर बसून तिच्या घासाघासाकडे बघायचे आणि बाबांच्या त्या दोन वाक्यांना तोंडाबाहेर पडू द्यायचे नाही.

बाबूभाई आले ते दुपारचे. सिंदेवाहीला त्यांचं कृषी केंद्र आहे, बी-बियाणं, औषधं, आणि बाबांच्या हट्टापायी एका फळीवर कामगंध सापळे. त्यांची आणि बाबांची मैत्री या न खपणाऱ्या फळीवर उभी होती. आईसमोर ते टोपी काढून बसले, आणि त्यांना जे करता येतं तेच त्यांनी केलं, गोष्ट सांगितली. कुणा एकाच्या बांधीत बाबांनी पहिल्यांदा सापळा लावला. सकाळी पिशवी पाखरांनी गच्च. बाबा खुश होऊन बांधावर उभे. शेतकऱ्यानं पिशवीकडे पाह्यलं, बाबांकडे पाह्यलं. "म्हणे, साहेब, हा डबा नोता तवा माह्या वावरात एक पाखरू नोतं. तुमच्या डब्यानं गावभरचे बोलावून आणले. अन् भाभी, रातच्या रात उपटला त्यानं, अन् नेऊन भावाच्या बांधीत गाडला. भावानं पुतण्याच्या. असा तो डबा सारा गाव फिरला, अन् साहेब त्याच्या मागं मागं फिरून राह्यले." आई हसली. तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता, खांदे हलवत ती हसली. मीही हसले. त्या गोष्टीवर बाबा कधी हसत नसत. डब्यात सापडतात ते आधीच शेतात असतात, हे एवढंसं वाक्य तीस वर्षं गावोगाव सांगूनही लोकांच्या मनात उतरलं नाही, आणि दिसलं ते खरं असं म्हणणाऱ्या माणसाला कुठल्या तोंडानं खोटं ठरवायचं, असं ते म्हणत. त्यांच्या कामातला मूळ शोध आधीच दुसऱ्या देशातल्या कुणी लावलेला होता. बाबांच्या वाट्याला आलं ते उरलेलं, इकडच्या हवेत तो गंध रबरातून किती सावकाश सुटला पाहिजे म्हणजे फसवणूक हंगामभर टिकेल. फसवणूक हा त्यांचाच शब्द. "मी काय करतो? नसलेली मादी बनवतो." एकदा मी विचारलं होतं, नराला वाईट वाटत असेल का. किड्याला दुःख होतं याचा पुरावा नाही, असं मी लिहितो, ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, वर्तमानपत्राच्या आडून, मला माहीत नाही, असं म्हणाले.

जाताना आईनं बाबूभाईंना सांगितलं की ते रोज येतात, दिवे लागले की. बाबूभाईंनी खुर्चीवर घडी करून ठेवलेल्या दुपट्ट्याकडे पाहिलं, गाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं. त्या गोळ्या त्यांच्याच फळीवरच्या होत्या. येतीन न भाभी, येतीन, असं म्हणून ते उठले. जिन्यात मात्र थांबले. चाचा, तुम्हीच सांगा तिला, मी म्हटलं. "बेटा, मी दुकानदार आदमी. आलेलं गिऱ्हाईक परत धाडाचं नाई, इतकंच मले येते." दोन पायऱ्या उतरून ते पुन्हा वळले. "पण तो वास उडते, बाई. महिनाभर, लई झालं तं दीड. मंग काय करशीन?"

वास उडत चाललाय हे मी रोज बघत होते, पाखरं मोजत नव्हते एवढंच. दिवाळीच्या सुमाराला पाखरं कमी झाली. आधी ढगासारखी यायची, मग सुटी सुटी, मग एखादं, उशिरा. एखादं आलं तरी आई उठून पानं घ्यायची, पण पानं घ्यायची वेळ पुढे सरकत गेली. आज रस्त्यात कुणी भेटलं असन, ती म्हणायची. औषधाची गोळी तिनं ठरल्या वेळी घेतलेली असायची. मी तिला आधी चार घास खायला सांगायचे, रागवायचे, हातात केळं द्यायचे. ते तसंच ओट्यावर राहायचं. एका संध्याकाळी कुणीच आलं नाही. ती बसून राहिली. तिच्या वरच्या ओठावर घाम आलेला मला अंधारातही दिसला, बोटं थरथरत होती, आणि मी साखरेचं पाणी तिच्या तोंडाला लावलं तेव्हा ते पितापिताही तिची नजर तारेवर होती. त्या नजरेपुढे मी काय सांगणार होते? की तो तुझा नवरा नव्हता, तो एक वास होता, तोही तुझ्या नवऱ्याचा नव्हे, एका किड्याच्या मादीचा, आणि ती मादीही कधी नव्हतीच? हे सगळं खरं होतं. हे सांगून झाल्यावर ती जेवली असती का, एवढंच मला ठरवायचं होतं आणि ठरवता येत नव्हतं.

फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, मटारच्या पिशवीमागे, बाबांचं चंदेरी पाकीट अजून होतं. मला ते ठाऊक होतं. दर वेळी बर्फ काढताना ते बोटाला लागायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अर्धी रजा टाकून आले. आई झोपली होती. पाकिटावरची मुदत उलटून गेलेली होती, आत बोटाच्या पेराएवढ्या करड्या गोळ्या, पेन्सिलीच्या मागच्या रबरासारख्या. मी एक हुंगली. काही नाही. रबर. बाबा म्हणायचे, माणसाला हा वास येत नाही हे माणसाचं भाग्य. मुदत संपलेल्या, एकीत काय जोर उरला असणार, असा विचार मी केला, आणि गाठ सोडून पाकिटातल्या होत्या तेवढ्या सगळ्या तिच्यात बांधल्या. चिमटा नाही, हातमोजे नाहीत. गाठ मात्र बाबांची होती तशीच मारली. हे करताना मला वाईट वाटत नव्हतं. हुशारी केल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी आईनं तार पुसली, दुपट्टा टाकला. मी मुद्दाम शेजारी बसले. खाली पार्किंगच्या दिव्याशी, कंपाउंडच्या भिंतीशी, हळूहळू पाखरं जमायला लागली, आधी कधी नव्हती इतकी. ती भिंतीवर बसत होती, सुटत होती, स्कूटरच्या सीटवर, पाण्याच्या टाकीच्या पाइपावर उतरत होती. पहिल्या मजल्याच्या उंचीपर्यंत चढत आणि तिथे त्यांना काहीतरी व्हायचं; ती आडवी सरकत, वळत, पुन्हा खाली. वर एकही आलं नाही. समोरच्या ठाकरेंचा मुलगा गाडीवरचा कपडा झटकत काय ताप आहे म्हणाला. आई कठड्यावरून वाकून बघत होती. मी पाखरांकडे बघत होते आणि मग मला बाबांचा आवाज आठवला नाही, आधी आठवलं ते केंद्रातलं दुपारचं शेत, पांढऱ्या दोऱ्यांनी आखलेलं, आणि मी विचारलेलं, बाबा, वास जास्त लावला तर जास्त येतील? नाही, ते म्हणाले होते, जास्त लावला तर एकही येणार नाही. सबंध घरात स्वयंपाकाचा वास भरला की चूल कुठी हाय ते नाकाला सांगता येते का? तसं. सगळीकडे तीच, म्हणजे कुठेच नाही. यावर त्यांचे दोन हंगाम गेले होते. मी जेमतेम दहा वर्षांची होते, मला ते पाठ होतं. मी उठून गाठ सोडायला हवी होती. आई बसली असताना ती सोडणं म्हणजे तिला सगळं दाखवणं होतं. रात्री ती झोपल्यावर मी गोळ्या काढल्या, जुन्या वर्तमानपत्रात बांधून टाकल्या, पण कापड आता पार भरलं होतं. पुढच्या संध्याकाळी पुन्हा तेच, खाली गर्दी, वर कुणी नाही. त्याच्या पुढच्याही.

त्या दिवशी अंधार नीट पडायच्या आतच आईनं दुपट्टा तारेवरून काढला. तिनं तो गुडघ्यावर ठेवून चौघडी केली, हातानं दाबून सुरकुत्या काढल्या, मग आतल्या खोलीतून लोखंडी पेटी उघडल्याचा आणि बंद केल्याचा आवाज आला. परत येऊन ती खुर्चीत बसली. "खालूनच वापस जाऊन राह्यले ते," ती म्हणाली. "घर सापडत नाई त्यायले. आपण बोलावलं म्हणून उगा फेऱ्या मारून राह्यले. थकले असतीन." मग म्हणाली की भाकरी टाक, आज लवकर जेवू.

मी उठणार होते. कठड्यावर माझा उजवा हात होता. त्यावर काहीतरी हललं. अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मध्ये, जिथे धरून मी गाठ आवळली होती, तिथे एक पाखरू उतरलं होतं. पंख थरथरवत ते बोटाच्या पेरावर चाललं, नखापर्यंत गेलं, वळलं. पोट वाकवून त्वचेला टेकवून पाहिलं. त्याच्या मिशा इतक्या बारीक होत्या की त्या मला दिसत नव्हत्या. त्या हलत होत्या एवढं कळत होतं. दुसरं आलं. मी हात किती वेळा धुतले होते. साबणानं, लिंबानं, राखेनंही.

आई खुर्ची सरकवून जवळ आली. तिनं वाकून पाहिलं, चष्मा वर ढकलून, बाबांच्याच सारखं. तिचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. ती हसेल असं मला वाटलं, किंवा रडेल. "तुह्याकडं आले," ती म्हणाली. तिच्या आवाजात मला थोडासा मत्सर ऐकू आला, तो तिनं लगेच आवरला. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटर चालू केली, बंद केली.

"रंजू," ती म्हणाली, "त्यायले सांग, जा म्हणा आता. माहं नाई ऐकत. तुहं ऐकत होते ते."

मी आईकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. गॅलरीच्या अर्ध्या उजेडात तिचा चेहरा मोकळा होता, कामं आवरून झालेल्या बाईचा. तिला जे करायचं होतं ते तिनं पेटीत ठेवलं होतं, आणि उरलेलं माझ्या हातावर होतं.

"बाबा, जा," मी म्हटलं.

"असं नको. नीट सांग."

मी घसा साफ केला. "बाबा, आम्ही बऱ्या हाओ. आई जेवून राह्यली. तुम्ही जा आता."

आईनं मान हलवली, बरोबर झालं अशी, आणि पाखरं उडण्याची वाट बघायला लागली. पाखरू माझ्या बोटाच्या पेरावरून नखाकडे गेलं आणि परत आलं. त्याला जाता येत नव्हतं. माझ्या कातडीत ते जे होतं ते संपेपर्यंत त्याला जाता येणार नव्हतं, आणि ते किती दिवस टिकतं हे ज्याला नक्की सांगता आलं असतं तो माणूस आता नव्हता. आत, मघाशी मळून पोळपाटावर ठेवलेला पिठाचा गोळा मला दिसत होता. हात झटकला असता तर पाखरं उडाली असती. आई बघत होती. मी हात तसाच ठेवला.